डाळ मिलच्या सर्व्हरला स्वतःचं स्टोरेज घ्यावं की सगळं क्लाउडवर टाकावं?

तुरीचा_हिशेब, लातूर
एमआयडीसीत एका डाळ मिलचं अकाउंट आणि जमेल तेवढं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. मागच्या आठवड्यात सर्व्हरची एक डिस्क बंद पडली. प्रत्येकी ८ टीबीच्या चार डिस्क, रेड ५, म्हणजे डेटा चारही डिस्कवर असा वाटलेला की एक गेली तरी चालतं. नवी डिस्क लावली, रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा बाकीच्यांवरून नव्या डिस्कवर पुन्हा तयार करणं, २९ तास चाललं. तेवढ्या वेळात मालक माझ्या खुर्चीमागं किती वेळा येऊन उभे राहिले, मोजलं नाही.

आता त्यांचे पुण्यातले जावई म्हणतात, सर्व्हर काढून टाका, सगळं क्लाउडवर, म्हणजे नेटवरून दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर. माझं मत उलट आहे. स्वतःचंच पण ढंगाचं स्टोरेज घ्यावं: सहा डिस्क, रेड ६ म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत, दोन पॉवर सप्लाय, ऑनलाइन यूपीएस. आमच्याकडं रस्त्याचं काम निघालं की जेसीबी आधी फायबर तोडतो. तुरीच्या सीझनला काट्यावर ट्रकांची रांग असताना पावती निघाली नाही, तर ड्रायव्हर जावईबापूंना नाही, मला शिव्या देतात. शिवाय डेटा १४ टीबी आहे. ५० एमबीपीएसच्या अपलोडनं तो वर चढवायला, गणित करून बघा, सव्वीस दिवस लागतात.

वाळूजकर
दादा, नेट जातं म्हणता, मग लाइट जात नाही का? सर्व्हर नेमका कुठं ठेवलाय तेही सांगा. माझा अंदाज: मुनीमजींच्या केबिनमध्ये, कपाटाशेजारी, आणि संध्याकाळी सातला एसी बंद. मे महिन्यात पारा ४२ वर, त्यात डाळीची भुकटी पंख्यात. सहा डिस्क घेतल्या तर सहा डिस्क शेकतील, दुसरं काय?

आमच्या कारखान्यात सगळं क्लाउडवर नेऊन तीन वर्षं झाली. मुंबईत २०१५-१६ पासून मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर आहेत. डिस्क बदलणं, थंडावा, जनरेटर ही सगळी त्यांची डोकेदुखी. नेट दोन कंपन्यांचं घ्या, वरून एक सिमकार्डाचा राउटर ठेवा. आणि तुमचा दोन पॉवर सप्लायवाला डबा बंद पडला, तर लातुरात त्याचा कंट्रोलर, म्हणजे सगळ्या डिस्क चालवणारं कार्ड, त्याच दिवशी मिळतो का?

जालना_सर्व्हिस
कंट्रोलर त्याच दिवशी मिळत नाही, हे खरं. म्हणून सर्व्हिस करार बघूनच डबा घ्यायचा. पार्ट किती तासांत आणून लावणार, ते कागदावर घ्या. तोंडी "उद्या येतो" चालत नाही.

पण रेड ५ वर थोडं बोलू द्या, कारण लोक इथंच फसतात. ८ टीबीच्या चार डिस्कमधली एक गेली की उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे २४ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की सुमारे १२.५ टीबी वाचनात एखादी चूक धरून चाला. एंटरप्राइज डिस्कला हाच आकडा दहापट चांगला असतो. प्रत्यक्षात बहुतेक रिबिल्ड पार पडतात, तुमचंही पडलं. पण एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेल्या डिस्क साधारण एकाच सुमाराला म्हाताऱ्या होतात आणि रिबिल्डच्या वेळी त्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. दुसरी त्याच रात्री गेली असती तर? रेड ६ घ्या, कंजुषी करू नका. कंट्रोलरची कॅशे बॅटरी तपासा, डिस्कवर जायच्या आधी थांबलेला डेटा लाइट गेली तरी तीच सांभाळते. ती मेली असेल तर लिहिणं एकदम मंदावतं आणि लोक उगाच टॅलीला दोष देतात.

वाळूजकर भाऊ, डोकेदुखी त्यांची म्हणता ना? १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएचक्लाउडची अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचा तोही गेला.

वाळूजकर
एक आग लागली म्हणून कोणी वीज वापरायची सोडतं का?

जालना_सर्व्हिस
सोडत नाही. दुसऱ्या गावात कॉपी ठेवतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, लातूरकरांना मी काय सांगावं. तरीबी इथं बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरच्याच टेबलाच्या खणात असते.

वही_पेन, नांदेड
मी सीए आहे, डिस्कमधलं मला कळत नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. मिल प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर लागतो, हा नियम ऑगस्ट २०२२ पासून रोजचा झाला. भागीदारी असेल तर तो लागू नाही. क्लाउड घेताना डेटा कोणत्या देशात राहतो, ते लेखी विचारा.

आणि एक शंका. डाळ मिलचा डेटा १४ टीबी कसा? माझ्या सगळ्या क्लायंटचं मिळून एवढं नसेल.

तुरीचा_हिशेब, लातूर
ताई, आत्ताच बघितलं. साडेबारा टीबी सीसीटीव्ही! अंगणातला कॅमेरा आणि गोदामाच्या मागची भिंत. गेल्या दोन वर्षांचं फुटेज कुणी पुसलंच नाही. टॅली ४ जीबी. बाकी वजनकाटा आणि स्कॅन केलेली बिलं.

वाळूजकर
म्हणजे सव्वीस दिवस कुत्री आणि पोती वर चढवायला लागणार होते. टॅली अकरा मिनिटांत जाते की.

जालना_सर्व्हिस
हे मात्र बरोबर बोलले. कॅमेऱ्याला वेगळा, स्वस्तातला रेकॉर्डर लावा, महिन्याभराचं फुटेज राहू द्या. मग सर्व्हरला सहा डिस्क कामून पाहिजेत? दोन चांगल्या एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क) आरशासारख्या जोडल्या, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जातं, तरी भागतं. मी माझा धंदा बुडवून सांगतोय, लक्षात ठेवा.

वाळूजकर
मग माझंच म्हणणं खरं झालं.

जालना_सर्व्हिस
तुमचं नाही झालं. काटा इथंच चालू राहणार, फक्त कॉपी वर जाणार. आणि ती कॉपी सर्व्हरला ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवू नका. आमच्याकडच्या एका जिनिंगमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, घुसला. त्यानं शेअर फोल्डर कुलूपबंद केलं आणि रेडनं ते कुलूप इमानेइतबारे सगळ्या डिस्कवर लिहून ठेवलं. जोडलेली बॅकअप डिस्कही गेली. रेड मशीन चालू ठेवतं, कालचा डेटा परत देत नाही. पुसताच येणार नाही अशी, ठरावीक दिवस कुलपात राहणारी कॉपी घ्या. क्लाउडवर मिळते, हेही मान्य करतो.

वही_पेन, नांदेड
हे सगळं ठीक, पण तुमच्याकडं आत्ता बॅकअप आहे ना? उघडून बघितलाय का कधी?

तुरीचा_हिशेब, लातूर
रोज रात्री अकराला हिरवी खूण येते, ताई. उघडला कधी नव्हता. काल रविवार, मिल बंद, जुन्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून बघितला. कंपनी उघडली. शेवटची एंट्री १७ मार्चची. त्या दिवशी टॅलीचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं होतं, मीच. बॅकअप अजून सी ड्राइव्हवरचं जुनं फोल्डर उचलतोय.

मालकांना अजून सांगितलं नाही. आधी आजची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली, खिशात आहे.

जालना_सर्व्हिस
खिशातली घरी ठेवा आधी. आणि अजून एक काढा.