मदत हवी आहे : लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्या निवृत्तीनंतरच्या वर्षांविषयी

नमस्कार. मी सोलापूरला राहतो. येत्या ऑगस्टमध्ये लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांच्या जयंतीच्या सुमारास आमच्या पेठेतील वाचनालयात त्यांच्यावर बोलण्याचे मी कबूल केले आहे. श्रोते बहुतेक तिथल्या अभ्यासिकेत बसणारी, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली असतील, आणि माझी अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

त्यांच्या लष्करी आयुष्याची तयारी झाली आहे. कोल्हापूरकडच्या वडगावचा हा मुलगा सँडहर्स्टहून १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडला. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४५ मध्ये, ब्रह्मदेशातल्या आराकानातील कांगॉच्या लढाईत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी भारतीय अधिकाऱ्यांच्या हाती होत्या : थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. थोरातांच्या पंजाबी पलटणीने मेलरोज ही टेकडी घेतली, आणि तिघांनाही डी.एस.ओ. हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले.

कोरियाविषयी बोलताना मी तटस्थ राहू शकणार नाही, कारण माझे आजोबा तिथे थोरातसाहेबांच्या हाताखाली शिपाई होते आणि त्यांचे विदेश सेवा पदक आजही आमच्या देवघराशेजारच्या कपाटात आहे. मायदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई युद्धकैदी सांभाळण्याची जबाबदारी कोरियन युद्ध थांबल्यावर १९५३ साली थोरातांच्या हाताखालील भारतीय फौजेवर आली. भारतीय सैनिकांचे पाऊल आपल्या भूमीला लागू देणार नाही, अशी भूमिका दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी घेतल्यामुळे या सैनिकांना इंचॉन बंदरातून हेलिकॉप्टरने दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. तिथल्या छावणीला हिंदनगर हे नाव पडले. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्या तारेच्या कुंपणात गेले आणि कैद्यांशी बोलून त्याला सोडवून घेऊन आले. तिथे गोळीबाराचा हुकूम देणे किती सोपे होते, हे आजोबा पुन्हापुन्हा सांगत. थोरातांना अशोकचक्र वर्ग दोन मिळाले. आज त्यालाच आपण कीर्ती चक्र म्हणतो.

पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९५९ साली त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, चीनपासून संरक्षणाची योजना दिली. सीमेवरच्या पातळ ठाण्यांवर लढाई न देता, आपली रसद पोचेल आणि शत्रूची लांबेल, अशा मागच्या फळीवर त्याला गाठावे, असा तिचा गाभा होता. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' या सरावात त्यांनी धोका दाखवूनही दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ती भीती मानली नाही. सरसेनापतिपदासाठी थोरातांचे नाव चर्चेत होते, पण नेमणूक पी. एन. थापर यांची झाली आणि मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. बासष्टच्या चीनयुद्धातील पराभवानंतर पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतले.

इथवर सगळीकडे सविस्तर लिहिलेले आढळते. त्यानंतर मात्र प्रत्येक लेखात एकच वाक्य येते, की ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९९२ साली निवर्तले. पस्तीस वर्षे वर्दीत आणि एकतीस वर्षे वर्दीबाहेर, असे ज्यांचे आयुष्य, त्यांचा जवळजवळ अर्धा भाग एका ओळीत आटोपावा, हे मला पटत नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना ज्या आयोगाच्या मुलाखतीची धास्ती आहे, त्याच आयोगाच्या खुर्चीत हा सेनानी बसला होता, आणि तेव्हा हे राज्य नुकतेच स्थापन झालेले होते. माणसे पारखण्याची त्यांची रीत काय होती, हे त्या मुलांना सांगता आले तर माझ्या बोलण्याला अर्थ येईल.

म्हणून विनंती अशी आहे. साठच्या दशकात ज्यांनी, किंवा ज्यांच्या वडिलांनी, आयोगापुढे मुलाखत दिली असेल, त्यांनी आठवण लिहावी. ती साधी असली तरी चालेल, फक्त ऐकीव असेल तर तसे नमूद करावे. कोल्हापूरकरांपैकी कोणी त्यांची उतारवयातील भाषणे ऐकली असतील, किंवा कोणाकडे त्या काळच्या मराठी दैनिकांची कात्रणे असतील, तर कृपया तारखेसह कळवावे. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र माझ्याजवळ आहे, त्यामुळे त्यातील उतारे पाठवण्याची तसदी घेऊ नये.

आजोबांचा हिंदनगरमधला एक गट-फोटो आहे. कोरियात गेलेल्या दुसऱ्या कोणा सोलापूरकराच्या घरी तो ओळखता येईल असे वाटत असेल, तर मी स्वतः घेऊन येईन.