बोनेटवरचा बिल्ला बघायचा की कारखान्याचा पत्ता?

धागाकर्ता: अमेरिकेत 'आपल्या कंपनीची गाडी घ्या, आपल्या कामगाराला जगवा' असं सांगणारे बहुतेक लोक बोनेटवरचा बिल्ला बघून थांबतात. माझ्या मते चूक तिथेच होते. फोर्डचा मॅव्हरिक ट्रक मेक्सिकोत एर्मोसियोला बनतो. जनरल मोटर्सच्या ब्युइक ब्रँडची एन्व्हिजन २०१६ साली चीनमधून येऊ लागली. आणि 'जपानी' होंडा अकॉर्ड १९८२ पासून ओहायोतल्या मेरीसव्हिलला तयार होऊ लागली. मेरीसव्हिलच्या लाइनवर उभा असलेला माणूस अमेरिकन कामगार नाही का? गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर बघा. पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर जुळणी अमेरिकेत, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको. मी आधी तो बघेन, बिल्ला नंतर.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. जुळणी हा कामाचा एक तुकडा झाला. आराखडे, इंजिनावरचं संशोधन, चाचण्या हे काम अमेरिकन मोटार कंपन्यांचं माहेरघर असलेल्या डेट्रॉईटच्या आसपास हजारो लोक करतात, ते चासी नंबरात कुठे दिसतं? आणि पगाराचं काय? परदेशी कंपन्यांनी दक्षिणेतली राज्यं निवडली, त्यामागे तिथे युनियन कमकुवत हेही एक कारण होतं. २०२३ मध्ये युएडब्ल्यू या मोटार कामगारांच्या युनियनने डेट्रॉईटच्या तिन्ही कंपन्यांत (फोर्ड, जनरल मोटर्स, स्टेलांटिस) सुमारे सहा आठवडे संप करून मूळ पगारात २५ टक्के वाढ मिळवली. लगेच होंडा आणि टोयोटानेही आपल्या युनियन नसलेल्या कारखान्यांत पगार वाढवले. म्हणजे मेरीसव्हिलच्या त्या माणसाच्या खिशातही डेट्रॉईटचा संप पोहोचला. डेट्रॉईटच्या गाड्या खपल्या नाहीत तर पुढचा संप कोण करणार?

धागाकर्ता: संपाचा मुद्दा मोलाचा आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण एर्मोसियोत बनलेला ट्रक घेऊन युएडब्ल्यूच्या जुळणी कामगाराला काम कसं मिळेल? शिवाय टेनेसीतल्या चॅटनूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात युनियन आणायची का यावरच्या कामगारांच्या मतदानात २०१४ आणि २०१९ ला युनियन हरली, २०२४ ला जिंकली. कारखाना देशात होता म्हणून तिसऱ्यांदा मत देता आलं.

प्रतिसाद २: ऑस्ट्रेलियाकडे बघा. होल्डन म्हणजे तिथली घरची गाडी, मालकी जनरल मोटर्सची. ऑक्टोबर २०१७ मध्ये शेवटचा कारखाना बंद झाला, पण बिल्ला आयात गाड्यांवर झळकत राहिला. त्याच महिन्यात टोयोटानेही तिथलं उत्पादन थांबवलं, फोर्ड तर वर्षभर आधीच गेली होती. जुळणी गेली की सीट, काचा, वायरिंग करणाऱ्यांचं गिऱ्हाईकच जातं. माझं मत धागाकर्त्याला.

प्रतिसाद ३: पण सुटे भाग कुठले, हे चासी नंबर सांगत नाही. त्यासाठी नव्या गाडीच्या काचेवरचं लेबल वाचा. १९९२ च्या कायद्याने ते सक्तीचं आहे. मात्र त्यात अमेरिका आणि कॅनडाचे भाग एकाच टक्केवारीत मोजतात, तेव्हा तेही जपून वाचा.

प्रतिसाद १: वाचा जरूर. पण त्या लेबलवर युनियन आहे की नाही, हेही छापलेलं नसतं. माझा पैसा अजूनही डेट्रॉईटलाच जाईल, फक्त मॅव्हरिक घेणार नाही.