मदत हवी आहे : आईला बायबलमधलं काय वाचून दाखवू?

सलाम मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय. पप्पा गेल्यापासून आई चर्चला येत नाही. रविवारी साडी काढून ठेवते, नेसत मात्र नाही. रात्री मीच वाचून दाखवतो. स्तोत्र 23 दफनविधीला वाचलं होतं, त्यामुळे ते सुरू केलं की रडते. '1 राजे' या पुस्तकाचा 19वा अध्याय मात्र दोनदा वाचायला लावला. त्यात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो आणि देवदूत त्याला आधी भाकर-पाणी देतो. "म्हंजे देव रागावला न्हाई त्याच्यावर," आई म्हणाली.

खचलेल्याला न दटावणारे असेच भाग सुचवा. स्तोत्र 42 चालेल का? 88 शेवटपर्यंत अंधारातच आहे, ते नको. आणि "विश्वास वाढवा" म्हणत भेटायला येणाऱ्यांना कसं आवरायचं, तेही सांगा!