एफसी १५० पिकअप घरीच उभी करायची आहे, सुरुवात कुठून? (देवगड)

खाडीकाठ:
महिंद्रा एफसी १५० पिकअप (पुढे नाक नाही, इंजिन कॅबमध्ये दोन सीटच्या मध्ये), १९६९ ची. हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअर, फोर व्हील. देवगड तालुक्यात, खाडीपासून जेमतेम किलोमीटरभर. बरीच वर्षं मांगरात उभी आहे, वर पत्रे आणि तीन बाजू उघड्या.

अवस्था अशी: इंजिन हँडलने तसूभर हलत नाही. रेडिएटर कोरडा, तळाला तांबडा गाळ. ब्रेकचं पेडल दगडासारखं. कॅबचा पाय ठेवायचा पत्रा दोन्हीकडे कुजलाय, दारांच्या खालच्या कडा हाताने मोडतात. मागचा हौदा लाकडी, फळ्या गेल्यात. चेसिस वरवर बरी दिसते, खालून पाहिलेली नाही. आरसी आहे, मुदत केव्हाच संपलेली.

माझ्याकडे पाने, चेन ब्लॉक, ग्राइंडर आणि साधं आर्क वेल्डिंग आहे. गावातला पेंटर म्हणतो आधी रंग काढून रेड ऑक्साइड मारून ठेवू, गंज थांबेल. ते बरोबर का? आणि इंजिन गाडीतच सुटेल की उतरवावंच लागेल?

---

आटापाना:
पयलां चेसिस बघा, रंगाची गजाल मागसून. गाडी जॅकवर नको, चार भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) चढवा आणि अणकुचीदार हातोडीने चेसिस टोकत जा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आतून पापुद्रे सुटलेत. मागच्या स्प्रिंगच्या शॅकलजवळ (स्प्रिंग चेसिसला जोडणारी झुलती कडी), आडव्या मेंबरच्या जोडाशी आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे जास्त बघा. मग चेसिसचे दोन्ही कर्ण मापा. ६ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पत्र्याचा विचार तूर्त सोडा.

आता इंजिन. हँडलला पाइप लावून जोर करू नका आणि ट्रॅक्टरने ओढून तर मुळीच नाही. हे इंजिन एफ हेड आहे: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. आपल्या हवेत बंद पडलेल्या गाडीत पिस्टनइतकेच हे व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून धरतात. एक्झॉस्ट उघडा अडकला तर फक्त कॉम्प्रेशन जातं. इनटेक अडकला आणि तुम्ही जबरदस्तीने फिरवलं तर पुशरॉड वाकतो.

क्रम असा ठेवा. सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाचा) नट ढिला करून आधी काय येतं ते बघा. पाणी आलं तर सम्प काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ४०-५० मिली ऑइल घाला, निम्मं डिझेल आणि निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल). आठवडाभर तसंच राहू द्या, मध्ये दोनदा भर घाला. ब्लॉकच्या बाजूचं टॅपेट कव्हर उघडून व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही तेच सोडा. मग टॉप गिअर टाकून, मागची दोन्ही चाकं उचलून एक चाक हाताने पुढे-मागे हलवा, दुसरं कुणीतरी धरून ठेवायला हवं. दोन-तीन अंश हललं तरी पुरे, तेवढंच हलवत राहा, ऑइल वाट काढतं.

नाहीच सुटलं तर हेड काढावं लागेल. दोन सीटमधलं इंजिनचं कव्हर काढलं की ते गाडीतच होतं. मात्र इथे नेहमीचा घोळ होतो: हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या वाटेत लपलेला असतो. कार्बोरेटर उतरवून छिद्रातून आत बघितलं की दिसतो. तो तसाच ठेवून लोक पहार घालून हेड उचकटतात आणि ओतीव लोखंडाला तडा पाडून घेतात.

हेड निघाल्यावर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मापून घ्या. नुसता डाग असेल तर होनिंगवर (आतून हलकं घासण्यावर) भागेल. खड्डे नखाला लागत असतील तर इंजिन उतरवा आणि ब्लॉक करूळ घाटाने कोल्हापूरला न्या, उद्यमनगरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग एकाच फेरीत होतं. पिस्टन आधी विकत घ्या, मग ते हातात देऊनच बोअर करा. २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करून घेतलं आणि बाजारात ३० चेच पिस्टन मिळाले, असं सर्रास होतं. ब्लॉक गेलाच आहे तर मागच्या बाजूचे वेल्श प्लग (ब्लॉकमधली पत्र्याची बुचं) काढून वॉटर जॅकेट (पाणी फिरण्याची पोकळी) खरवडून घ्या. सगळा तांबडा गाळ चौथ्या सिलिंडरभोवती साचतो आणि मग गाडी घाटात तापते म्हणून लोक रेडिएटरला दोष देतात.

बसवतानाची मापं: हेड बोल्ट ६० ते ७० फूट-पौंड, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. टॅपेटची फट थंड इंजिनावर इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. पॉइंटची फट २० थाऊ, प्लगची ३० थाऊ. फायरिंग १-३-४-२, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) ५ अंश आधी. ऑइल पंप विनाकारण काढू नका. डिस्ट्रिब्यूटर त्याच्याच शाफ्टवर फिरतो, पंप काढला की टायमिंग गेलं.

---

मिग_०८:
पेंटरचं ऐकू नका. एकेरी रेड ऑक्साइड ओलावा पिऊन घेतो. पावसाळ्यात त्याच्याखाली गंज चालूच राहतो आणि वरून सगळं छान तांबडं दिसतं.

खाडीकाठी खरा त्रास मिठाचा आहे. गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. ते तिथेच ठेवून तुम्ही कितीही महागाचा प्रायमर मारा, दोन पावसाळ्यांत फोड येणार. म्हणून घासण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा गोड्या पाण्याने दाबाने धुवा. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते चालणार नाही, टाकी भरून पाणी आणा. वाळवा, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर, पुन्हा धुणं, ब्लोअरने वाळवणं आणि त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी पिवळा पडलेला असतो. पुट्टी इपॉक्सीच्या वर, नागड्या पत्र्यावर कधीच नाही, कारण ती पाणी शोषते.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, हँडल असल्या लोखंडी लहान भागांसाठी ड्रममध्ये धुण्याचा सोडा, १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम. १२ व्होल्टचा चार्जर, निगेटिव्ह भागाला आणि पॉझिटिव्ह साध्या सळीला. स्टेनलेसची किंवा गॅल्वनाइज्ड सळी वापरू नका, विषारी घाण पाण्यात उतरते. अॅल्युमिनियमचे भाग यात टाकायचे नाहीत. उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो.

वेल्डिंग: तुमच्या आर्कने चेसिसचं काम होईल, पत्र्याचं नाही, भोकंच पडतील. फ्लोअरला १८ गेज पत्रा, ०.८ मिमी वायरचं मिग (वायर आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग) भाड्याने आणा. पेट्रोलची टाकी आधी उतरवून मांगराबाहेर. कॅबचा फ्लोअर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके अँगल वेल्ड करून ठेवा, नाहीतर नवीन पत्रा बसेल आणि दार बसणार नाही. टाके १० मिमीचे, ५० मिमी अंतरावर, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. सलग ओढलं की पत्रा पापडासारखा लाटा धरतो. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की गॅस उडून जातो आणि वेल्ड जाळीदार होतं. तीन बाजू उघड्या मांगरात ताडपत्री लावल्याशिवाय सुरू करू नका. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तसं तुमच्याकडेही पडत असणार, तेव्हा वेल्डिंग सकाळी.

चेसिसवर ठिगळ लावायचं तर ३ मिमी पत्रा आणि टोकं तिरकी कापलेली. चेसिसच्या लांब रुळावर काटकोनात सरळ आडवा वेल्ड घातला की पुढे बरोबर त्याच रेषेत चेसिस फाटते.

रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दव असतं, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरची वाफ साध्या कापडी रुमालाने अडत नाही, कार्ट्रिजवाला मास्क घ्या.

---

खाडीकाठ:
दोघांचेही आभार. खालून टोकून पाहिलं. चेसिस खणखणीत, फक्त मागच्या डाव्या शॅकलजवळ वीतभर जागा बद्द वाजते. कर्णांत ४ मिमी फरक. प्लग काढून ऑइल सोडलंय. सम्पमधून पाणी आलं नाही, काळं डांबर आलं.

मागचे ड्रम निघत नाहीत. हातोडीने ठोकावे का? आणि टॅपेट कव्हरमधून दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वरच राहिलेला दिसतो.

---

आटापाना:
डांबर आलंय तर सम्प काढाच. पंपाची जाळी त्याने भरलेली असणार. व्हॉल्व्ह वर आहे तर स्प्रिंगच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून हळू खाली बसवा, ऑइल सोडा, पुन्हा वर. दांडीला पक्कड लावू नका. तो मोकळा फिरायला लागला की हेड न काढताच काम भागण्याची शक्यता आहे.

ड्रम ठोकू नका. मागचा अॅक्सल शाफ्ट टोकाला निमुळता आणि चावीवाला (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याचा) आहे, हब त्यावर घट्ट बसलेला असतो. ठोकून बेअरिंग जातं, ड्रम मात्र जागेवरच. हबचा पुलर लागतो, जुन्या जीपच्या गॅरेजमध्ये भाड्याने मिळेल. मधला नट ढिला करून दोन-चार आट्यांवर तसाच ठेवा, कारण ड्रम सुटतो तेव्हा तोफेसारखा उडतो. पुलर आवळा, तसाच तासभर ठेवा, मग पुलरच्याच बोल्टच्या डोक्यावर एक टोला. परत बसवताना टेपर (निमुळतं टोक) कोरडा आणि स्वच्छ, नट किमान १५० फूट-पौंड. ढिला राहिला तर चावी कातरली जाते. आणि चाकाच्या बोल्टच्या डोक्यावर एल आहे का बघा. या घराण्यातल्या गाड्यांना डाव्या चाकांना उलटे आटे असतात, लोक सुलट समजून आवळत बसतात.

ब्रेक लायनिंग जुनं म्हणजे अॅस्बेस्टॉस असणार. हवेने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलिंडर खड्डेवाले असतील तर होन करण्यात वेळ घालवू नका, सरळ नवे. या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट आहे, एक सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पाइपसाठी फ्रिजवाल्याची साधी तांब्याची नळी कुणी सुचवेल, ती थरथरीने तडकते. स्टीलची किंवा कॉपर-निकेलची, डबल फ्लेअर करून. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो. तिथलं सील गळलं की लायनिंग तेलात भिजतं आणि हँडब्रेक नावापुरता उरतो, ते आत्ताच बदला. गिअरबॉक्समध्ये ९० नंबर ऑइल, पण जीएल-४ दर्जाचं, कारण जीएल-५ पितळी भागांना खाऊ शकतं.

इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालणारे घ्या. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, नाहीतर आत पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. नाही हलला तर ऑइल पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हचा नट काढून आत ऑइल भरा, कोरडा पंप ओढत नाही. डायनमो चार्ज करत नसेल तर लगेच फेकू नका. एफ टोकाची वायर काढून त्या टोकाला बॅटरीच्या लाइव्ह वायरचा क्षणभर स्पर्श द्या, पडून राहिल्याने त्याचं चुंबकत्व गेलेलं असतं. गरम झाल्यावर कॉम्प्रेशन ११० ते १३० पीएसआय आणि चारही सिलिंडरांत १० च्या आत फरक असेल तर इंजिनाला पुढे हात लावू नका.

---

फळी_आणि_खिळा:
हौद्यासाठी किंजळ किंवा ऐन घ्या, फणस या कामाला मऊ. चांगली वाळलेली, ३० मिमी जाड फळी, दोन फळ्यांत ६ ते ८ मिमी फट, पावसाळ्यात फुगते. ऐनातलं टॅनिन लोखंडाला काळं करतं आणि खातं, म्हणून फळी आणि आडव्या मेंबरमध्ये जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी घाला आणि बोल्ट हॉट डिप गॅल्वनाइज्ड. खालच्या बाजूला काजूच्या सालीचं तेल दोन हात लावलं की वाळवी येत नाही. हातमोजे घाला, कातडी भाजते. तेल पूर्ण सुकल्याशिवाय माल भरू नका.

---

जुना_नंबर:
कागदांचं काम गाडी खोलायच्या आधी. चेसिस नंबरवर पेन्सिलची छाप घ्या, फोटो काढा, मग त्यावर ग्रीस आणि टेप. ग्राइंडर त्या जागेवर गेला की पुढचं सगळं अवघड. तुमचं ठिगळ नंबरच्या जागेपासून लांब ना, तेही बघा.

आरसीवर तीन गोष्टी तपासा: इंधन, रंग आणि वर्ग. त्या काळच्या कितीतरी पेट्रोल गाड्यांत नंतर डिझेल इंजिन टाकलं गेलं. तुमचं मूळ पेट्रोल आहे आणि आरसीवरही तेच असेल तर मोठी डोकेदुखी टळली. रंग बदलणार असाल तर तशी नोंद करून घ्यावी लागते.

वर्गावर पुढची वाट ठरते. खासगी नोंद असेल तर नूतनीकरण फॉर्म २५ वर, गाडी तपासणीला न्यावी लागते, मिळतं ते पाच वर्षांसाठी, वर पर्यावरण कर. मालवाहू नोंद असेल तर फिटनेस आणि थकलेला कर, तो आकडा सिंधुदुर्ग आरटीओत आधी काढून घ्या, मगच पिस्टनला पैसे घाला.

२०२१ च्या व्हिंटेज नियमाचं कुणी सांगेल. पन्नास वर्षांवरच्या गाडीला तो लागतो, नवीन नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण तो खासगी, बिगरव्यापारी वापरातल्या गाड्यांसाठी आहे, गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढंच. तुम्हाला हापूसच्या पेट्या तळेऱ्यापर्यंत न्यायच्या असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

---

खाडीकाठ:
आरसीवर पेट्रोल आणि खासगी. नंबरची जागा पुढे उजवीकडे आहे, ठिगळापासून लांब. छाप घेऊन ठेवली. पुलर मिळाला, ड्रम एक निघाला. सम्प रविवारी.