'रिकॉइल'मध्ये वेटोळं कुठून आलं?

धागाकर्ती: परवा एका कथेचा अनुवाद तपासत होते. नायिकेचा हात कोणीतरी अचानक धरतं आणि ती 'रिकॉइल' होते, असं मूळ वाक्य. अनुवादात काय, तर 'तिने अंगाचं वेटोळं केलं'! कॉइल म्हणजे वेटोळं, एवढ्यावर काम भागवलेलं. अहो, ती बाई झटकन मागे सरली आहे.

या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. वेटोळ्याचा कॉइल फ्रेंचमार्गे लॅटिन 'कोलिगेरे'कडे जातो, म्हणजे गोळा करणे. 'कलेक्ट' त्याच घरातला. रिकॉइल आला जुन्या फ्रेंच 'रेक्युले'तून. 'रे' म्हणजे मागे, आणि लॅटिन 'कुलुस' म्हणजे चक्क ढुंगण. बंद गल्लीला 'कल-डी-सॅक' म्हणतात ना, पिशवीचं बूड, त्यातला 'कल' हाच. व्युत्पत्ती पाहिल्याशिवाय अनुवादाला हात घालू नये, हे माझं ठाम मत.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. ढुंगण कळल्याने ते वाक्य सुधारलं असतं का? चूक संदर्भ न वाचल्याची आहे. शिवाय मूळ म्हणजे नेमकं कुठलं? तेराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा अर्थ होता दुसऱ्याला मागे रेटणे. स्वतः मागे हटणे हा अर्थ १३०० च्या सुमारास आला, गोळी सुटताना बंदूक मागे येते तो अर्थ तर सोळाव्या शतकात. शब्द वापराने ठरतो.

धागाकर्ती: पण तिन्ही अर्थांत 'मागे' टिकून आहे, हे तुम्हीच दाखवलंत! वेटोळ्यात नेमकं तेच हरवलं.

प्रतिसाद २: बंदुकीचं उदाहरण घ्या. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली, तर ४ किलोची बंदूक सेकंदाला १.६ मीटरने उलट येते. गोळीपाठोपाठ नळीतून निघणारा वायू यात धरलेला नाही. खांद्याला दणका बसतो तो हाच. त्याला स्प्रिंग लागत नाही, वेटोळं लागत नाही. तरी प्रतिसाद १ शी सहमत, हे समजायला मला लॅटिन लागलं नाही.

प्रतिसाद ३: मग मराठीत लिहायचं काय? 'तिने अंग चोरलं' कसं वाटतं?

धागाकर्ती: अंग चोरणारी माणसं जागच्या जागी आक्रसतात. 'कच खाल्ली' तर नकोच, तिथे धीर सुटतो. हिचा धीर सुटलेला नाही, तिला किळस आली आहे. मी 'चटका बसावा तशी ती मागे सरली' असं केलं.

प्रतिसाद १: हे चांगलं आहे. आणि यातही कुलुस कुठे नाही, बघा.