अनुभव धागा : तुमचं काम इंटरनेटवर नेमकं कुणाच्या घरी राहतं?

यजमान

गेल्या महिन्यात अकरा दिवस मी माझ्याच दारात उभा होतो. गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवीतल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो मी २०११ पासून एका फोटोच्या ॲपवर टाकतोय. फोन बदलला, जुना नंबर बंद झाला, आणि खातं उघडायचा कोड त्या बंद नंबरवर जायला लागला. मदत मागायला तिथे माणूस नाही, फॉर्म आहे. फॉर्म भरला की मेल येते, मेलमध्ये त्याच फॉर्मची लिंक. बाराव्या दिवशी खातं आपोआप उघडलं. का उघडलं ते मला माहीत नाही, बंद का राहिलं तेही नाही.

त्या अकरा दिवसांत घरातल्या हार्ड डिस्क उपसल्या. चौदाशे फोटोंपैकी जेमतेम सहाशेंच्या मूळ फाइली सापडल्या. बाकीचे फक्त तिकडे. त्यातली काही दुकानं मेट्रो ३ च्या कामात पाडलेल्या इमारतींखालची, म्हणजे फोटो पुन्हा काढायचीही सोय नाही.

आम्ही पागडीच्या खोलीत वाढलो. एकरकमी पैसे द्यायचे, पोटमाळा काढायचा, भिंती रंगवायच्या, तीन पिढ्या राहायचं आणि मालक कुणी दुसराच. मला हे सगळं तसंच वाटलं. मुंबईत आणि आसपास जे स्वतःच्या जिवावर काही लिहितात, गातात, शिजवतात, शिवतात, त्यांनी सांगा: तुम्हाला तिथे काय मिळालं, काय गेलं आणि मूळ प्रत कुठे आहे? कंपन्यांची नावं नकोत, भांडण वाढतं.

बोंबीलवाली, मुलुंड

मी मासे साफ करायला शिकवते. रेसिपी सगळेच दाखवतात, पण ओले बोंबील उघडून, वर पाटा ठेवून त्यातलं पाणी कसं काढायचं हे नव्या मुलींना कुणी दाखवत नाही. सासूबाई गेल्या, मग विचारायचं कुणाला?

दोन वर्षांपूर्वी खेकडे साफ करायचा व्हिडिओ टाकला, सतरा मिनिटांचा. नांग्या कशा मोडायच्या, पोटाखालचं झाकण कसं उघडायचं, सगळं जवळून. दुसऱ्या दिवशी त्यावर ‘संवेदनशील दृश्य’ असा पडदा आला आणि जाहिराती बंद. दाद मागितली. चार मिनिटांत उत्तर आलं, निर्णय कायम. अहो, व्हिडिओच सतरा मिनिटांचा! बघितला कुणी?

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. आता कापाकापी कॅमेऱ्याबाहेर करते. पाटावर आधी अख्खी सुरमई दिसते, मग एकदम तुकड्या. खाली बायका विचारतात, ताई, डोकं कुठून काढलं ते दिसलं नाही. जे शिकवायला बसले होते तेच गाळते आहे, आणि तसं करा असं मला कुणी सांगितलेलंही नाही. मीच घाबरून ठरवलं.

पण खोटं कशाला बोलू, घरातला मोठा फ्रीज त्याच पैशांचा आहे.

जुना ब्लॉगर, विलेपार्ले

तुम्हा मंडळींना बंद खात्याचं दुःख, आम्हाला तर अक्षरं दिसायचीसुद्धा मारामार होती. १९९९ मध्ये मी पार्ल्यातल्या जुन्या बंगल्यांवर एक मराठी पान केलं होतं, फुकट जागा देणाऱ्या एका परदेशी सेवेवर. तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखी दिसायची पद्धत, आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं. प्रत्येक साइटचा फॉन्ट वेगळा, आधी तो उतरवून घ्यायचा, नाहीतर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. ती सेवा २००९ मध्ये बंद झाली. बऱ्याच वर्षांनी जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर माझं पान सापडलं. फोटो नाहीत, मजकूर आहे, पण त्या जुन्या फॉन्टच्या सांकेतिक खिचडीत. मुलाने फॉन्ट बदलून देणारा एक प्रोग्रॅम शोधला तेव्हा ‘पार्ले’ शब्द पुन्हा वाचता आला. रफार मात्र अजून चुकीच्या अक्षरावर बसतात.

आणि ॲपपेक्षा ब्लॉग-वेबसाइटचं मोकळं इंटरनेट बरं म्हणताना एवढं विसरू नका की मोकळ्या जागेलाही टाळं लागतं. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले. त्या रात्री फोन लागत नव्हते, ब्लॉगवर लोक एकमेकांसाठी माहिती टाकत होते. आठवड्याच्या आत सकाळी बघतो तर माझा ब्लॉग उघडेना. सरकारने काही मोजकी पानं बंद करायला सांगितली होती, इंटरनेट पुरवणाऱ्यांनी ती पानं वेगळी काढायच्या भानगडीत न पडता अख्ख्या ब्लॉगस्पॉटवर टाच आणली. गंमत अशी की मला लिहिता येत होतं! फक्त वाचता येत नव्हतं. काही दिवसांनी सुरू झालं. तेव्हापासून प्रत्येक लेखाची छापील प्रत काढतो. बायको म्हणते, कपाट आहे की संग्रहालय.

कुर्ल्याचा पोरगा

काका लोकांनी लिहिलंय मोठं, मी शॉर्टमध्ये सांगतो. मी छोटे कॉमेडी व्हिडिओ करायचो, चाळीच्या जिन्यात. शेजारची मावशी सासू, मित्र सून. एक लाख ऐंशी हजार फॉलोअर होते. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप बंद केले, त्यात माझं होतं. लॉकडाऊन, कुरियरची नोकरी बंद, आणि हेपण. व्हिडिओ सगळे ॲपमध्येच शूट केलेले, गॅलरीत सेव्ह नाहीत. व्हॉट्सॅपवर फिरलेले नऊ-दहा मिळाले, त्यावर दुसऱ्याच पेजचं नाव.

मावशी २०२१ मध्ये गेल्या. त्यांचा हसतानाचा एक व्हिडिओ आहे माझ्याकडे, अकरा सेकंदांचा, फुटलेला.

आता दुसरीकडे रील करतो. आधी फोनच्या कॅमेऱ्यात शूट, मग अपलोड. बस.

टाळकरी, लालबाग

आमचं भजनी मंडळ आजोबांच्या वेळचं, गिरणीतल्या लोकांनी सुरू केलेलं. २०२२ च्या गणपतीत मंडळाने आरत्या रेकॉर्ड केल्या: पेटी, पखवाज, टाळ आणि सोळा गळे. चतुर्थीच्या आदल्या रात्री व्हिडिओ चढवला आणि सकाळी त्यावर एका संगीत कंपनीचा हक्क लागलेला! आरती शेकडो वर्षांची, चाल घराघरातली, आणि मालक म्हणे ही कंपनी.

ते कसं होतं हे नंतर मुलीने समजावलं. कंपन्या आपली रेकॉर्डिंग आधी यंत्राकडे देऊन ठेवतात. मग नव्या प्रत्येक व्हिडिओचा आवाज यंत्र त्यांच्याशी ताडून बघतं. आमचा ठेका आणि चाल त्यांच्या एखाद्या कॅसेटशी जुळली असणार. जुळणारच, आरतीची चाल ती! परंपरा कशाला म्हणतात हे यंत्राला कोण सांगणार?

आक्षेप नोंदवला. उत्तर द्यायला समोरच्याला तीस दिवस. गणपती दहा दिवसांचे. अनंत चतुर्दशी झाली, मूर्ती गेली, मांडव उतरला, पितृपक्ष लागला, आणि मग हक्क मागे घेतल्याची मेल आली. पितृपक्षात गणपतीची आरती कोण ऐकणार? पैशाचं राहू द्या, पाचशे रुपयेही झाले नसते. आमचे पखवाजवाले अण्णा ब्याऐंशी वर्षांचे, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘आपण चोरी केली का रे?’ त्यावर मला नीट बोलता आलं नाही.

कोर्टाजवळचा

यजमान, पागडीची उपमा फार उदार आहे. पागडीवाल्या भाडेकरूमागे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा उभा असतो, त्याला बाहेर काढायला मालकाला लघुवाद न्यायालयात यावं लागतं आणि पुढे वर्षानुवर्षं जातात. तुम्ही ज्या अटींवर ‘मान्य’ दाबलंत त्यात बहुतेक वेळा कंपनीला कधीही खातं बंद करायची मुभा असते. तुम्ही भाडेकरू नाही, पाहुणे आहात. चहा मिळतोय तोवर पिऊन घ्या.

नऊवारीवाली, वसई

माझं मत उलटं आहे, रागावू नका. मी शिवलेल्या नऊवाऱ्या विकते. सगळे सांगायचे, स्वतःची वेबसाइट हवी. एका मुलाला बावीस हजार देऊन करून घेतली. सहा महिन्यांत एक ऑर्डर आली, ती मामेबहिणीची, आणि तिनेही आधी फोन करून विचारलं, ‘बटण कुठलं दाबू?’ दादर स्टेशनबाहेर फेरीवाले का बसतात? घरी जागा नाही म्हणून नाही, गिऱ्हाईक तिथे आहे म्हणून. तुमची मोकळी वेबसाइट म्हणजे लिफ्ट नसलेल्या सातव्या मजल्यावरचं दुकान. मालकीचं आहे, पण चढतंय कोण?

मला धडा मिळाला तो वेगळाच. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार, रात्री नऊ वाजून गेल्यावर मेसेजचं ॲप, फोटोचं ॲप, ते तिसरं, तिन्ही एकदम झोपले. गुरुवारी घटस्थापना. तेवीस साड्यांची मापं, पत्ते, पदर उजवा की डावा, सगळं चॅटमध्ये. मशीनवर कापड लावून बसलेली मी, आणि कंबर किती ते माहीत नाही! पहाटे सुरू झालं. उठून आधी चॅटमधली मापं उतरवली, मगच चहा घेतला. तेव्हापासून लाल वही. नाव, फोन नंबर, माप, कुठल्या सणाला घेतली. आज त्यात चारशेच्या वर बायका आहेत. ॲप उद्या गेलं तर मी फोन करीन. पण दुकान तिथेच मांडणार, जिथे गर्दी आहे.

फीडवाला, विक्रोळी

वसईच्या ताईंची लाल वही हीच खरी गोष्ट आहे, आम्ही तंत्रज्ञ तिला उगाच अवघड नावं देतो. आरएसएस (संघ नव्हे, साइटवरचं नवं आपोआप कळवायची जुनी पद्धत) म्हणजे तेच, फक्त इथे वही असते ती वाचणाऱ्याकडे. साइटवर एक साधी फाइल असते, नवं काही टाकलं की तिच्यात नोंद वाढते, ऐकणाऱ्याचं ॲप ती फाइल अधूनमधून बघून जातं. काय दाखवायचं हे मध्ये बसून कुणी ठरवत नाही. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर हे अशा नोंदी एकत्र वाचायचं साधन बंद झाल्यावर लोकांनी आरएसएसचं तेरावं घातलं, पण पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात. म्हणून तर एकच भाग कुठल्याही ॲपवर ऐकता येतो.

मी निवृत्त गिरणी कामगारांच्या आठवणींचा पॉडकास्ट करतो. भाग साठवून ठेवणारी होस्टिंग कंपनी दोनदा बदलली, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळण लावून दिलं, एक श्रोता गळला नाही. फार माज होता मला त्याचा.

मग स्वतःच्याच डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाचं, नूतनीकरण करायचं विसरलो. वर्षाचे आठशे-नऊशे रुपये. आठवण करून देणारी पत्रं मी वापरत नसलेल्या मेलवर जात होती. मुदत संपली, सवलतीचे दिवस गेले आणि कुणीतरी ते नाव उचललं. परळच्या एका काकांनी माझं कार्ड जपून ठेवलं होतं. नातवाला म्हणाले, लाव जरा, माझा आवाज आहे त्यात. उघडलं तर तीन पत्तीची जाहिरात. नवीन नाव घेतलं, पण वळण लावायला जुना दरवाजाच आपला राहिला नव्हता. आठशे श्रोत्यांपैकी दोनशे परत आले असतील.

तर ‘स्वतःचं’ म्हणजे तरी काय, दरवर्षी भरायचं भाडंच. फक्त पावती तुमच्या नावाची.

रेघोट्या, डोंबिवली

व्यंगचित्रं काढतो. एक चित्र तीन वेगवेगळ्या कौटुंबिक ग्रुपवर मलाच आलं, खालची सही कापून. मेहुण्याने पाठवलं, वर लिहिलं, ‘असं काहीतरी काढत जा.’ आता सही पात्राच्या शर्टावर काढतो.

यजमान

टाळकरी, अण्णांना माझा नमस्कार सांगा. कोर्टाजवळचे, पागडी मागे घेतो. फीडवाले, तुमचं वाचून लगेच माझ्या डोमेनची तारीख बघितली. सतरा दिवस उरले होते, आत्ताच पैसे भरले.

माझे साडेतीनशे फोटो खात्यातून ‘तुमची माहिती उतरवा’ वापरून परत आले. बारीक आकाराचे आहेत, पाटीवरचं मोठं नाव वाचता येतं, खालची ‘स्थापना’ची ओळ नाही. बाकीचे साडेचारशे अजून यायचेत. ज्यांना आपलं सामान उतरवून घ्यायचंय पण जमत नाही, त्यांनी रविवारी दुपारी गिरगावात आमच्याकडे या. इंटरनेट जोरात आहे, हार्ड डिस्क आपापली आणा.

बोंबीलवाली ताई, तो खेकड्यांचा मूळ व्हिडिओ आहे ना तुमच्याकडे, पडदा नसलेला?

बोंबीलवाली, मुलुंड

बहिणीच्या जुन्या फोनमध्ये असेल. तो फोन चार्ज होत नाही. रविवारी घेऊन येते.