विषय: माण-खटावच्या शाळांचा निधी निकालावर द्यायचा का?

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवात जमलेला निधी साताऱ्याच्या माण आणि खटाव तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांना द्यायचं ठरलंच आहे. तो सरसकट वाटू नये असं माझं मत आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत ज्या शाळेचा निकाल वाढेल तिला पुढच्या वर्षी दुप्पट, ज्या शाळेचा घसरेल तिला काही नाही. देणगीदारांना आपल्याला हिशोब द्यावा लागतो. इथे अमेरिकेत घर घेताना आपण सगळे आधी शाळेचे गुण बघतो, मग गावाकडच्या शाळेला कोणी जाब का विचारू नये?

प्रेषक: रविवारच्या मराठी शाळेची शिक्षिका

काका, नमस्कार.

जाब विचारायलाच हवा. पण गुणांना पैसा बांधला की शाळेत काय होतं, ते मी इथल्या सरकारी शाळेत शिकवताना बघितलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

2002 च्या जानेवारीत 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आला. तिसरी ते आठवीच्या मुलांची दर वर्षी वाचन-गणिताची चाचणी, आणि 2014 पर्यंत शंभर टक्के मुलं त्या चाचणीत पात्र ठरलीच पाहिजेत. लागोपाठ दोन वर्षं उद्दिष्ट हुकलं की शाळेवर शिक्का, पुढे कारवाई कडक होत जायची. पात्रतेची रेघ मात्र राज्यांनीच मारायची होती. काहींनी ती खाली ओढली. आमच्या शाळेत सगळा जोर रेघेच्या जरा खाली असलेल्या मुलांवर. फार मागे पडलेल्या पोराला वेळ द्यायला कोणी तयार नसे, कारण ते वर्षभरात रेघ ओलांडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. विज्ञान आणि चित्रकलेचे तास गणितात गेले.

अटलांटात तर 2011 च्या सरकारी चौकशीत 44 शाळांमध्ये गैरप्रकार सापडले, 178 शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. मुलांची चुकलेली उत्तरं खोडून मोठ्यांनी बरोबर गोल काळे केले होते. ज्याला वाचता येत नव्हतं ते पोर कागदावर पास झालं आणि जादा शिकवणीच्या हक्कालाही मुकलं. याचा मला आजही संताप येतो.

त्या कायद्याने एक काम मोलाचं केलं. कृष्णवर्णीय, दिव्यांग, इंग्रजी नव्याने शिकणारी अशा मुलांचे निकाल वेगळे मांडणं सक्तीचं झालं, सरासरीखाली झाकलेली मुलं दिसू लागली. म्हणूनच 2015 च्या नव्या कायद्यातही चाचण्या राहिल्या. मागे पडलेल्या शाळांचं काय करायचं ते बरंचसं राज्यांवर सोपवलं.

आता माणमधली वस्तीवरची शाळा डोळ्यांसमोर आणा. पट पंधरा-वीस, शिक्षक दोन, परीक्षेला बसणारी मुलं तीन. एक पोर नापास झालं की निकाल 100 वरून 67 वर. यावर बक्षीस कसलं द्यायचं? शिवाय शिष्यवृत्तीला सगळ्यांना बसवावंच लागतं असं नाही. दुप्पट निधी समोर असेल तर मेंढरांमागे चार महिने फिरून आलेल्या पोराचा फॉर्म कोण भरेल?

प्रेषक: सध्या सुट्टीवर, मुक्काम सातारा

ताईंशी सहमत. साताऱ्यातल्याच कुमठे बीटच्या (एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटाच्या) जि.प. शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक येत होते, ते वर्गातलं काम बघायला: फरशीवर आखलेले तक्ते, गटात बसून शिकणारी मुलं आणि कोणतं मूल कुठे अडलंय हे जाणणाऱ्या बाई.

माझी सूचना: गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणाच्या धर्तीवर बाहेरच्या माणसाने एकेका मुलाजवळ बसून बघावं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यांतलं कुठपर्यंत वाचतो? हातच्याची वजाबाकी येते का, भागाकार येतो का? जूनमध्ये एकदा, मार्चमध्ये एकदा. आढळलं ते शिक्षकांना आणि पालकांना सांगायचं. निधी मात्र तीन वर्षं ठरलेला, आणि जिथे मुलं जास्त मागे आहेत तिथे थोडा अधिक.

प्रेषक: खजिनदार

दुप्पट आणि शून्य दोन्ही ठरावातून काढतो. तीन वर्षांची हमी मान्य. पण जून आणि मार्चचे आकडे मंडळाकडे आलेच पाहिजेत, मुलांची नावं न घालता, आणि मेंढपाळांच्या मुलांचे वेगळे. जूनची तपासणी कोण करणार? सातारच्या डीएड कॉलेजांमध्ये कोणाची ओळख असेल तर शनिवारच्या बैठकीआधी कळवा.